अक्काचा फोन

माझी थोरली बहीण पारोळ्याजवळच्या एका खेड्यात एकटी राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. मेहुणे गेल्यापासून तिने धुळ्याला येऊन राहावं, असा आमच्या मोठ्या भावाचा, म्हणजे नानांचा, हट्ट होता. मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो. माझा हट्ट वगैरे काही नव्हता. नाना बोलले की मी मान हलवायची, ही आमच्या घरची जुनी रीत आहे.

अक्का ऐकेना. शेवटी नानांनी एक अट घातली. रोज सकाळी चहा झाला की तिने आम्हा दोघांना मिस कॉल द्यायचा. एक रिंग वाजली की कट करायचा. अर्थ एवढाच, की मी उठले आहे, ठीक आहे. ज्या दिवशी कॉल येणार नाही त्या दिवशी नाना गाडी घेऊन येतील, आणि मग अक्काने काही न बोलता धुळ्याला चालू लागायचं. अक्काने अट मान्य केली आणि चार वर्षं पाळली. थंडी असो की ताप, सातच्या आत रिंग वाजायची. बोलणं फुकट झालं तरी आमचा मिस कॉल चालूच राहिला. बोलायला लागली असती तर तिने मला बायकोच्या गुडघ्यापासून सगळं विचारलं असतं, आणि सकाळी सातला मला तेवढा धीर नसतो.

हे सगळं एका साध्या बटणांच्या फोनवर चालायचं. अक्काला वाचता येत नाही. दोनचं बटण दाबून धरलं की मी, तीनचं धरलं की नाना. बटणांवरचे आकडे कधीच पुसून गेले होते, तिला त्यांची गरजही नव्हती. चुलीपाशी बसून, फोनकडे न बघता, अंगठ्याने चाचपून ती कॉल लावायची.

मग मला शहाणपण सुचलं.

ऑफिसात सगळ्यांच्या आया, बहिणी, सासवा व्हिडिओ कॉलवर दिसू लागल्या होत्या. एकाची आई तर नाशिकहून रोज त्याला डब्यात काय आहे ते दाखवायला लावायची. मला वाटलं, आपल्या अक्कानेच काय घोडं मारलंय? भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात मोठ्या काचेचा फोन ठेवला. अक्काने तो पदराने पुसला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "बटनं कथा शेतस?"

मी म्हणालो, बटणं नाहीत, हेच तर त्याचं कौतुक आहे. मी त्यावर माझा फोटो आणि नानांचा फोटो लावून दिला. फोटोला बोट लावलं की फोन लागतो. यापेक्षा सोपं जगात काय असणार, असं मला मनापासून वाटत होतं.

अक्काने माझ्या फोटोला बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. मग तिने जुन्या सवयीने दाबून धरलं, तर माझा फोटोच जागचा हलून कोपऱ्यात जाऊन बसला. "हळू टेकव," मी म्हणालो. तिने हळू टेकवलं, काहीच झालं नाही. मी टेकवलं की लगेच चालायचं.

कारण मला नंतर समजलं. अक्काची बोटं आयुष्यभर बिबड्यांच्या घाट्यात गेलेली. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे करतात. पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजतो आणि तो उकळता असतानाच बोटं पाण्यात बुडवून कापडावर पातळ थापायचा असतो. त्या बोटांची कातडी चामड्यासारखी टणक झाली होती. भाकरीचा तवा ती हाताने उतरवते. काचेला तिचं बोट बोट वाटतच नव्हतं. पण हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. माझा स्वभाव तापट आहे, आणि शिकवताना तो जास्तच तापतो. विसाव्या खेपेला मी ओरडलो, "मग आता पाण्यात बुडव बोट आणि लाव! बिबडे थापतेस तसं!"

मी टोमणा मारला होता. अक्काने तो शिकवणीचा भाग म्हणून मनात ठेवला.

वर मी आणखी एक केलं. जुना फोन जवळ असेल तर ती नवा हातात धरणार नाही म्हणून तो खिशात घालून जळगावला घेऊन आलो.

आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग आली. तिसऱ्या दिवशीही आली. मी नानांना फोन करून फुशारकी मारली, की बघा, माणूस शिकवला की शिकतो. महिनाभर कॉल येत राहिले. कधी दोनदा यायचा, कधी मध्येच व्हिडिओ लागून घराचं आढं दिसायचं, पण यायचा.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी तो आला नाही.

सव्वासात झाले, साडेसात झाले. मी लावला तर फोन बंद. नानांनी लावला, त्यांनाही बंद. अक्काच्या शेजारणीला लावला, तर रिंग वाजून वाजून थांबली. ती माणसं उजाडतानाच कापूस वेचायला जातात आणि फोन घरी चार्जिंगला लावून जातात. नाना धुळ्याहून निघाले, मी मोटारसायकलवर जळगावहून निघालो. एरंडोल कधी मागे पडलं मला आठवत नाही. हायवेवर ट्रकवाले शिव्या देत होते ते मात्र आठवतं. सगळ्या रस्त्यात मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो, की तिला काही झालं असेल तर आपण तिच्यावर ओरडलो होतो हेच शेवटचं राहील.

पोचलो तर नाना दारात गाडीतून उतरत होते, आणि अक्का ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हा दोघांना बघून तिचा चेहरा खुलला. "दोन्ही जण कसं काय उनात? चहा ठेवू का?"

नानांनी रागाने कॉलचं विचारलं. "लावा व्हता ना," अक्का म्हणाली, "दोन्हीसले लावा व्हता."

"मग वाजला का नाही?"

"ते माले काय म्हाईत भाऊ?"

मी आत गेलो. फोन देवळीत होता. शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी होतं. काचेवर पाण्याचे थेंब होते आणि वरच्या कोपऱ्यात विमानाचं बारीक चित्र दिसत होतं. मला क्षणात सगळं उमगलं. ती रोज बोट पाण्यात बुडवून आम्हाला फोन लावत होती. आज पाणी जास्त झालं, थेंब ओघळले, भलतंच काही दाबलं गेलं आणि फोन विमानात बसवल्यासारखा मुका झाला. तिने फोटोला बोट लावलं होतं. आपलं काम झालं असं समजून ती शेंगांकडे वळली होती.

बाहेर येऊन मी एवढंच म्हणायला हवं होतं, की नाना, चूक हिची नाही, माझी आहे. मी वाटीतलं पाणी मोरीत ओतलं, वाटी फडताळात ठेवली, फोन शर्टाला पुसला आणि विमान काढून टाकलं. बाहेर नाना म्हणत होते, "अट ती अट. कपडे भर अक्का." मी खांबाला टेकून उभा राहिलो. मला नानांचं बोलणं खायचं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे लिहावं याची लाज वाटते, पण कारण एवढंच होतं.

अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती उठली. तिने कपडे भरले, शेंगा शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या, कुलूप लावलं आणि ते तीन वेळा ओढून पाहिलं.

धुळ्याला तिचं काही वाईट चाललं नव्हतं. वहिनी चांगली आहे. खोली होती, टीव्ही होता, वेळेवर गरम जेवण होतं. मी महिन्यातून एकदा जायचो, तेव्हा ती गॅलरीत खुर्चीवर बसलेली असायची. हात मांडीवर. अक्काचे रिकामे हात मी त्याआधी पाहिलेच नव्हते. ती तक्रार करत नव्हती, त्यामुळे मला आणखी त्रास व्हायचा.

फाल्गुन जवळ आला तसं तिच्या गल्लीतल्या बायकांचे फोन वहिनीच्या फोनवर येऊ लागले. त्यांचा उन्हाळ्याचा क्रम ठरलेला असतो. आज एकीकडे बिबडे, उद्या दुसरीकडे, आणि सगळ्या सगळ्यांच्या मदतीला. घाटा शिजला की नाही हे मात्र अक्काच सांगते. उलथनं उचलून ती धार बघते आणि "व्हयना", म्हणजे झाला, असं म्हणते, मगच पातेलं उतरतं. त्या विचारत होत्या, यंदा अक्का येणार का?

त्या रविवारी मी धुळ्यालाच होतो, जेवायला बसलो होतो. अक्काने फोन ठेवला आणि गॅलरीतून बाहेर बघत म्हणाली, "आठे माले कोनी काहीच इचारत नही."

इथे मला कोणी काहीच विचारत नाही, हे तिने सहज म्हटलं. मी ताट बाजूला सारलं आणि नानांना सगळं सांगितलं. पाण्याची वाटी, विमान, माझा टोमणा, खिशात घालून नेलेला जुना फोन, सगळं.

नाना म्हणाले, "आणि तीन महिने मूग गिळून बसलास?" त्यानंतर त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी नातवंडांना घेऊन आतल्या खोलीत गेली, एवढ्यावरून काय ते समजावं.

त्यांचं संपल्यावर अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे नाना. माले म्हाईत व्हतं. वाटी यानीच उचली व्हती."

मी विचारलं, "मग तू का बोलली नाहीस?"

"नाना तुले बोलता ना मंग," ती म्हणाली.

मला बोलणी बसू नयेत म्हणून ही बाई तीन महिने घर सोडून राहिली होती. मी तिथेच नानांसमोर रडलो. लहानपणानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फोन घ्यायला गेलो. जुन्याची बॅटरी एव्हाना फुगून गेली होती. दुकानदाराने सवयीने आधी मोठे फोन काढले. कॅमेरा किती, मेमरी किती, यात बोललं की आपोआप लिहिलं जातं. अक्काने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माले बटनं जोयजे." त्याने कोपऱ्यातल्या खोक्यातून दोन-तीन साधे काढले. एकात रेडिओ होता, एकात कॅमेरा. अक्काने ते बाजूला केले. तिसऱ्याची बटणं उठावदार होती आणि वर टॉर्च होती. तिने डोळे मिटले, अंगठ्याने बटणं चाचपली, दोन आणि तीन बरोबर सापडले. मग कोणी काही म्हणायच्या आत तिने तो फोन हातातून खाली सोडला.

दुकानदार किंचाळला. "पडू दे," अक्का म्हणाली. "मना हातमाईन पडनारच शे." झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे पडली. तिने दोन्ही उचलून त्याच्याकडे दिले, त्याने बसवले आणि फोन सुरू झाला. "हाऊच द्या," अक्का म्हणाली.

फोन निवडण्याची याहून चांगली रीत मी आजवर पाहिलेली नाही. मी माझा घेतला तेव्हा दोन रात्री त्याची माहिती वाचत बसलो होतो, आणि त्यातली निम्मी सोय काय कामाची आहे ते मला अजून ठाऊक नाही.

घरी सोडायला गेलो तेव्हा नानांनी घसा खाकरून जुन्या अटीची आठवण करून दिली. अक्का म्हणाली, देईन, रोज देईन. पण मग तिने तिची अट घातली. "तुम्ही बी माले देवाना. आते तुम्हनं बी वय व्हयनं." आम्ही हसलो. नाना सत्तरीला टेकलेत, माझी शुगर वाढलेली आहे, हसण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं. तेव्हापासून सकाळी सातच्या आत सहा मिस कॉल होतात. नाना मला देतात आणि मी नानांना, कारण अक्काने तेही करायला लावलं.

वैशाखात बायको मुलीकडे पुण्याला गेली होती. रविवार होता. आदल्या रात्री मी माझा तो हुशार फोन चार्जिंगला लावला आणि भिंतीवरचं बटण चालू करायला विसरलो. सकाळी फोन मेलेला. गजर वाजला नाही आणि मी साडेनऊपर्यंत झोपून राहिलो.

दार कुणीतरी दोन्ही हातांनी बडवत होतं. उघडलं तर समोर अक्का. पारोळ्याहून मिळेल ती एसटी पकडून, स्टँडवरून रिक्षा करून ती आली होती. पायात चपला दोन वेगवेगळ्या. हातांना कोपरापर्यंत घाटा वाळून चिकटलेला. म्हणजे चुलीवरचं पातेलं तसंच टाकून ती उठली होती.

"शे ना रे तू?" ती म्हणाली. "तू शे ना?"

मी आहे म्हणालो. ती उंबऱ्यावरच बसली आणि कितीतरी वेळ नुसती माझं मनगट धरून राहिली. मी पाणी दिलं, नानांना फोन करायला शेजाऱ्याचा फोन मागून आणला. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घराला कुलूप नीट लावलंस ना?"

अक्काने आठवून पाहिलं. तिने दारसुद्धा लोटलेलं नव्हतं.