भूकंपाची खूण

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. हे कोणाच्या हाती पडलंच तर माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले. आमच्या मेसमध्ये जेवणाऱ्या ट्यूशनच्या पोरी लातूर सोडताना अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून जातात. पुढच्या पानांवर त्यांची गणितं असतात, मागच्या पानांवर मी लिहिते.

चौथीत असताना भूकंप झाला. आमचं गाव जरा लांब होतं. घराला भेगा पडल्या, शाळेची भिंत बसली, पण आमच्यात कोणाला खरचटलंही नाही. शाळा पुढे पत्र्याखाली सुरू झाली, तोवर मी मायसोबत रोजानं जायला लागले होते. भूकंपानं माझं एवढंच नेलं. हे आधीच सांगते, कारण पुढे आम्ही त्याच्या नावावर बरंच काही घेतलं.

अठराव्या वर्षी माझ्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला गोळा आला. दुखायचा नाही, पण दगडासारखा टणक. मुखेडचे मामा नांदेडला घेऊन गेले आणि तिथंच ऑपरेशन झालं. आमच्याकडच्या कोणाला कळू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर नाही. पण असा गोळा फार क्वचित कोणाला होतो, आणि त्याला परत यायची खोड असते." मायनं पहिलं वाक्य ऐकलं आणि देवाला हात जोडले. दुसरं मी एकटीनंच ऐकलं.

दोन वर्षांनी लातूरचं स्थळ आलं. मुलगा ऑटो चालवायचा, त्याची आई ट्यूशनच्या पोरींची मेस चालवायची. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर बसलं होतं आणि त्यात त्यांची नऊ वर्षांची लेक गेली होती. पोटावरची खूण लग्नानंतर लपणार नव्हती. म्हणून माय आपणहून बोलली, "पोरीच्या पोटावर मोठी खूण हाय बरं. भूकंपात तुळई पडली होती. आता काई तरास न्हाई."

मी खाली मान घालून बसले होते. मुलगी दाखवताना तिनं मान खाली घालायचीच असते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझी असती तर हिच्याएवढीच असती," म्हणाल्या. लग्न तिथंच ठरलं.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी मला भाजीचं मोठं पातेलं कधी उचलू दिलं नाही. जेवायला बसलेल्या पोरींना हाक मारायच्या, "उठा गं दोघीजणी, धरा हे. तिचं पोट भूकंपाचं हाय." भूकंपाच्या दिवशी त्या लेकीच्या नावानं दिवा लावायच्या आणि मला शेजारी बसवायच्या. मी बसायचे. दिव्याकडे बघायचे नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि अंघोळ करताना हाताला तो परत लागला, त्याच खुणेखाली. मी कोणाला सांगितलं नाही. परकराची नाडी वर बांधायला लागले. पण पोट दिसायला लागलं. शंभर पोळ्या लाटायच्या घरात चार दिवस बाजूला बसायची सोय नव्हती, त्यामुळे माझी पाळी आली की चुकली हे कोणी विचारत नव्हतं. आत्याबाईंनी आपल्या मनानं हिशेब लावला. एका पोरीनं तर विचारलंच, "काकू, आजी होणार म्हणून श्रीखंड कवा करताव?"

"खा गप. आधी डॉक्टर हो, मग तुलाच बोलावते बाळंतपणाला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे पहिलटकरणीला सुरुवातीच्या महिन्यांत कोणाला न सांगता हिरवी चोळी देतात. तिला चोरचोळी म्हणतात. दुपारी पोरी क्लासला गेल्यावर आत्याबाईंनी दार लोटलं, मला कुंकू लावलं आणि ती चोळी अंगात घालायला लावली. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी वाकून पाया पडले. वाकताना गोळा रुतला.

आठ दिवसांनी त्या मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मी तीच हिरवी चोळी घातली होती. बाईंनी मशीन फिरवलं आणि थांबल्या. "बाळ नाही. गाठ आहे. आधी कशाचं ऑपरेशन झालं होतं?"

"ऑपरेशन न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "भूकंपात तुळई पडली होती."

"जखम इतकी सरळ नसते, मावशी. हे चिरून काढलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय काढलं होतं गं?"

"गोळा," मी म्हणाले.

बाहेर बाकावर आत्याबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मला शिव्या देतील असं वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, "दुसरं कायबी सांगायचं व्हतं. हे खोटं माझ्या लेकीच्या मातीत कालवायला पायजे व्हतं का?" आजही पोळी लाटताना हे आठवलं की माझे कान तापतात.

माय आली तेव्हा त्या तिच्याशी घरात बोलल्या नाहीत, ओट्यावरच बोलल्या. "पोरीला मरू देनार न्हाई. नांदेडला त्याच डॉक्टरकडं नेते. पैसे मी भरते. पन हे उसने हायेत, इहीनबाई. ह्याला दुसरं नाव लावू नका."

पोरींच्या आई-बापांनी वर्षाच्या मेसचे आगाऊ दिलेले पैसे त्यांनी ऑपरेशनला लावले आणि ते वर्ष किराणा उधारीवर चालवला. गोळा काढला आणि त्या जागी पोटाला आधार म्हणून जाळी बसवली. मूल होऊ द्यायच्या आधी नीट विचार करा, त्यानंही गोळा वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. नवरा दवाखान्यातून परत येताना एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं व्हतं." घरी आल्यावर आत्याबाई मला पातेलं उचलू देईनात, पण 'भूकंपाचं पोट' म्हणायचं त्यांनी सोडलं. त्या वर्षी दिवा लावताना मला बोलावलं नाही.

उसने फेडायला माय रोजातून काही पाठवायची. मी रिकाम्या वेळात शेंगाचटणी कुटून पुड्या करायला लागले. सुट्टीला जाणाऱ्या पोरी घेऊन जायच्या. पोरींच्या किती तुकड्या आल्या आणि गेल्या. मधेच गोळा तिसऱ्यांदा आला, लिंबाएवढा. या वेळी कळलं त्याच दिवशी मी आत्याबाईंचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी तो जरा वेळ तसाच ठेवला. डॉक्टर म्हणतात, कापायचा नाही, बघत राहायचं. तो अजून आहे.

परवा मी शेवटचे पैसे त्यांच्यापुढे ठेवले. मला वाटलं, राहू दे म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. थुंकी लावून एकेक नोट मोजली आणि सगळे पैसे पदराच्या गाठीला बांधले. "फिटले," म्हणाल्या.