जमनाबाईंच्या चुलीवरची लाल वाईन

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. धंदा बसायला लागला की ते आपोआप साचतात! जव्हारच्या ज्या छोट्या हॉटेलात मी काउंटर सांभाळायचो, तिथल्या एका वर्षाने माझी अख्खी डायरी भरली.

शेठनी उन्हाळ्यातच बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत पाहुणे वाढले तर ठीक. नाहीतर किचन बंद." किचन म्हणजे एकट्या जमनाबाई, जवळच्या पोशेरा गावच्या. ते बंद झालं की त्यांनी मुलीला शाळेतून काढून वीटभट्टी गाठायची. दुसरं काम नव्हतंच.

शेठनी उपाय काढला. परवडणारी लाल वाईन आणि सोबत इथलं जेवण. "नुसतं दारू-जेवण नाही म्हणायचं. टेस्टिंग!"

* * *

पहिली चव घ्यायला जमनाबाईंच्या सासऱ्यांना बोलावलं. मी ग्लासात मोजून दोन बोटं वाईन ओतली. बाबांनी आधी धरतरीला म्हणून जमिनीवर थोडी सांडली, मग गावदेवाला, मग वाडवडलांना. ग्लास रिकामा झाला. तो त्यांनी शांतपणे खाली ठेवला.

मी पेन सरसावून विचारलं, "बाबा, कशी वाटली?"

"त्यांना विचार!"

* * *

सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर वाईन प्यायल्यावर ठाण्याच्या एका बाईंचं तोंडच वाकडं झालं. "लोखंड चाटल्यासारखं लागतंय हो!" मी डायरीत लिहिलं, 'बोंबील नकोत.'

शेठ भडकले. "नकोत कसे? इथलं पारंपरिक जेवण आहे ते!"

जमनाबाई आतून म्हणाल्या, "शेठ, बोंबील डहाणूवरून येतात. आमच्या डोंगरात कुठला समुद्र?"

* * *

मग शेठ मोबाइलवर बघून बोलायला शिकले. "ग्लास फिरवा. वास घ्या. पिकलं जांभूळ... ओली माती... आणि शेवटी हलकासा धूर."

पाहुण्यांनी डोळे मिटले. "धूर! वा, एकदम स्पष्ट!"

तेवढ्यात जमनाबाई डोळे पुसत बाहेर आल्या. "दादा, चुलीत ओलं लाकूड गेलं. दार लावू का?"

"उघडंच ठेवा!" शेठ दबक्या आवाजात ओरडले.

* * *

पावसाळ्यात बारा जणांचं बुकिंग आलं. टेबल मांडलं, भाकऱ्या झाल्या. घाटात दरड कोसळली आणि कुणीच पोचलं नाही. आम्ही तिघंच जेवायला बसलो. जेवण झाल्यावर शेठनी फीडबॅकचा फॉर्म ओढला आणि स्वतःच भरायला घेतला.

'पुन्हा याल का?' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'नाही.'

* * *

दिवाळी झाली. किचनचा शेवटचा दिवस. जमनाबाईंनी सकाळीच गावठी कोंबडी निखाऱ्यावर भाजली. तिखट बेताचं, वर खडेमीठ, सोबत नागलीची भाकरी. ते झाकून ठेवून त्या मुलीला घेऊन निघाल्या. मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झाली होती, भट्टीचा टेम्पो दुपारी स्टँडवर येणार होता.

दुपारी नाशिकचं एक वयस्क जोडपं आलं. काका एक घास खाऊन एक घोट घ्यायचे आणि पुन्हा भाकरी मोडायचे. शेवटी म्हणाले, "इतकं जुळलेलं मी कुठेच खाल्लं नाही. पुढच्या महिन्यात चाळीस माणसं आणतो. पण स्वयंपाकाला हात हाच हवा हं!"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी पळत सुटलो.

टेम्पो सुरू झाला होता. मागे गाठोड्यांवर जमनाबाई, मांडीवर मुलीचं डोकं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. चाळीस माणसं, पुढचा महिना, सगळं. त्यांनी पुढे बसलेल्या मुकादमाकडे पाहिलं, मग मुलीकडे. खाली उतरल्या नाहीत.

टेम्पो हलला तेव्हा त्यांनी वाकून विचारलं,

"दादा, मीठ बरोबर झालं होतं ना?"