अखाड्यातली गाडी

माझे यजमान चिंतामणी, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, बरगीजवळच्या आमच्या शेतावर पंचवीस वर्षं कुस्ती शिकवत होते. 'होते' लिहावं लागतं, याचाच मला संताप येतो.

घर मूळचं जबलपूर शहरातलं. थोरले दीर बाबाराव, आमचे दादा, शिकले आणि फॅक्टरीत अफसर झाले. यांचं पुस्तकात मन नव्हतं, म्हणून शेत यांच्या गळ्यात पडलं. यांनी तिथे चिंचेखाली अखाडा खणला. माती चाळून तिच्यात हळद, तेल, ताक मुरवलं. ती लोण्यासारखी मऊ असायची, आणि माझ्या घरातलं अर्धं ताक तिनेच प्यायलं. पहाटे जोर, बैठका, मग गावातल्या पोरांशी कुस्ती. चोपन्नाव्या वर्षीही तरण्या पोराला पाठीवर घेऊन आपटायचे. दवाखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

थंडीत दादांचं कुटुंब पिकनिकला यायचं. गोवऱ्यांवर गक्कड, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचे, वांग्याचं भरीत करायचं. हे सगळं आम्ही करायचं आणि त्यांनी खायचं. दादांना साखरेचा आजार, तरी तुपात बुडवलेल्या गक्कडवर गूळ लागायचाच. खाता खाता म्हणायचे, "अण्णा, काहून एवढा घाम गाळून राहिला रे? हमाली करायची आहे का?" सगळे हसायचे. हेही हसायचे. मला मात्र त्या ताटात राख टाकावीशी वाटायची.

मग दादांच्या दोन्ही किडन्या गेल्या. जाऊबाईंना बीपी, मुलालाही म्हणे बीपी, म्हणजे त्यांची किडनी चालणार नव्हती. तेव्हा सगळ्यांना अण्णांची तब्येत आठवली. फोन येऊ लागले, "अण्णा कसे आहेत? जेवतात ना नीट?" पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी काय ते ओळखलं आणि यांना बजावलं, "नाही म्हणायचं. तुमचा अखाडा जाईल." हे म्हणाले, "मागू तर दे."

आमच्याकडे दसऱ्याला धाकट्यांनी थोरल्यांकडे सोनं द्यायला जायचं, हा रिवाज. दरवर्षी आम्हीच शहरात जायचो. त्या वर्षी मात्र दादाच आले. सुजलेल्या पायांनी, मुलाच्या खांद्याला धरून. त्यांनी यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि चक्क वाकून यांच्या पायाला हात लावू लागले. थोरल्या भावानं धाकट्याच्या पाया पडायचं! यांनी त्यांना वरच्यावर धरलं. "दादा, काय करून राहिले! जे पाहिजे ते घ्या ना!"

झालं. किडनीचा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नव्हता. मी नकार तयार ठेवला होता, पण मागणंच झालं नाही, तर नाही कशाला म्हणणार? दादांचं दुखणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण तो नमस्कार ते घरून ठरवून आले होते, असं मला आजही वाटतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "एका किडनीवर माणूस चांगला जगतो. पण कुस्ती कायमची बंद. तिला मार बसला तर दुसरी नाही."

यांनी विचारलं, "शिकवायला तर चालेल ना?"

"तोंडानं शिकवा."

यांना तोंडानं शिकवणं कुठलं जमायला! यांचा डाव अंगानं अंगाला कळायचा. ऑपरेशननंतर काही दिवस काठावर उभे राहून हातवारे करत राहिले. पोरं आदरानं ऐकायची, मग एकेक करून नव्या जिममध्ये जाऊ लागली. शेवटी अखाड्यात कुणी उतरेनासं झालं. तरी हे पहाटे फावडं घेऊन माती खालीवर करायचे. मी विचारलं, "कुणासाठी?" हे पुढची माती उलटवू लागले.

गेल्या जानेवारीत दादा पुन्हा पिकनिकला आले. सोबत त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधली मंडळी. दादांचे गाल वर आले होते, पायात पांढरे बूट. गाडी कुठे लावायची म्हणून ड्रायव्हरनं विचारलं, तर म्हणाले, "अरे, यहीं लगा दो. रिकामंच तर पडलं आहे." गाडी अखाड्यात उभी राहिली. मी यांच्याकडे पाहिलं. हे वांगी भाजत होते, वर पाहिलं नाही.

जेवताना दादांनी सगळ्यांना व्यायामावर भाषण दिलं. "शरीर कमवावं लागतं, भैया. मी एक दिवस चुकवत नाही." किडनी कुणाची, ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी बोलणार होते. यांनी डोळ्यांनी दटावलं.

संध्याकाळी निघताना गाडीची चाकं त्या मऊ मातीत रुतली. मंडळी ढकलायला लागली. हे सवयीनं धावले आणि मागून खांदा लावला. मी ओरडणार, तेवढ्यात दादांनी यांचा दंड धरून मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "तू राहू दे, अण्णा. तुझ्याच्यानं आता नाही व्हायचं."

हे बाजूला झाले. दादांनी स्वतः खांदा लावला, आणि गाडी निघाली.