बिंगोच्या आधीची सूचना

...हां, तर पुढचा आकडा हातातच राहिला आणि जेमायमा रेडिओवर रडायला लागली, इथपर्यंत काल आलो होतो. आता ती का रडली, ते ऐका.

कॅनडात, उत्तर ऑन्टारियोतल्या आमच्या वस्तीत संध्याकाळी रेडिओवर बिंगो चालतो. जेमायमा आकडे पुकारते, आम्ही घरोघरी आपापल्या कार्डावर खुणा करतो. तेवढ्यात कुणाचं पोर रडलं तर आईच्या आधी शेजारी ओरडतात! पूर्वी ती खेळाआधी दवाखान्याच्या सूचना वाचायची. मग दवाखाना त्या नेटवर टाकू लागला. लोक तर आधीपासूनच फोन करून कुरकुरायचे, "बाई, खोकल्याचं पुराण पुरे, आकडे काढ!" तिनं वाचणं सोडलं.

तळ्यापलीकडच्या घरांत नेट नाही, हे तिला ठाऊक होतं. पण स्वतःच्या फोनवर दिसलं की तिला वाटायचं, सगळ्यांना दिसलं.

तशात छातीचे फोटो काढायचं यंत्र घेऊन विमान आलं आणि गेलंही. पलीकडच्या एलायजाला, त्या म्हाताऱ्या शिकाऱ्याला, गंधवार्ता नाही. बॅटरीवरचा रेडिओ मात्र कायम उशाशी. हिवाळ्यात खोकताना रक्त पडलं. क्षय निघाला. त्याला दक्षिणेला, शहरातल्या इस्पितळात हलवलं.

तेव्हापासून जेमायमाला घास गोड लागेना. "माझ्या तोंडात होतं आणि मी गिळलं," एवढंच म्हणायची. सूचना मात्र पुन्हा वाचू लागली. रोज, दोन-दोनदा, लोकांच्या शिव्या खात.

त्या संध्याकाळी आकडा पुकारणार, तोच फोन आला. सगळी वस्ती ऐकतेय.

"जेमायमा, एलायजा बोलतोय. इथं खाटेवर नेट आहे गं! नर्सनं आपला रेडिओ लावून दिलाय."

इथं तिचा बांध फुटला. "काका, विमान येणार होतं ते मी... मी सांगितलंच नाही तुम्हाला."

"अगं, 'आकडे काढ' म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतोच की! डॉक्टर म्हणतोय, बर्फ वितळायच्या आत घरी. माफ केलं, जा. आता ते पुराण बंद कर, बाया वैतागल्यात."

जेमायमानं नाक शिंकरलं. तळ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं असेल! मग म्हणाली:

"तुम्ही माफ केलंत, काका, पण येताना तिथलं नेट काही पिशवीत घालून आणणार नाही तुम्ही. तेव्हा बसा गप. लसीची सूचना आहे, ती दोनदा वाचते, मग आकडा."