पंचवीस मीटरच्या दोन रेघा

रोहिणी केदारे यांनी एकतीस वर्षे शाळेच्या मैदानावर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, धावपट्ट्या आखल्या. रेघ नसेल तर वेळ धरायची नाही, हा क्रीडाशिक्षिका म्हणून त्यांचा नियम होता. निवृत्तीनंतर तो त्यांनी पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या दारापुढील रस्त्याला लावला, तो मात्र सूडासाठी.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर दुधाची पिशवी घेऊन येणारे त्यांचे पती सहादू एका जीपखाली गेले. जीप मनोजची होती. पुढच्या वळणावर त्याचे फरशांचे दुकान आहे. न्यायालयात सिद्ध झालेला वेग अठ्ठेचाळीस आणि तेव्हाची मर्यादा पन्नास. मनोज सुटला. माणूस मर्यादेत राहूनही मारता येतो, हे रोहिणीबाईंना त्या दिवशी कळले आणि ते त्यांनी मनातून कधी पुसू दिले नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिथे तीसची पाटी लागली. वसाहतीला हायसे वाटले. रोहिणीबाईंना वाटले, आता सापडला. कालपर्यंत कायद्यात बसणारे तेच अठ्ठेचाळीस आज गुन्हा होते. वाहतूक हवालदाराने त्यांना सांगितले, "बाई, अंदाज चालत नाही. अंतर दाखवा, वेळ दाखवा."

विजेच्या दोन खांबांमध्ये त्यांनी आधी ढोबळ मोजणी केली. चाळीसपैकी छत्तीस वाहने पाटीखालून पूर्वीच्याच वेगाने गेली. कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणारी धोंडाबाई म्हणाली, "त्या पाटीला कावळासुद्धा भीत नाय, बाई. रोज तिच्यावरच बसतोय."

मग एका पहाटे रोहिणीबाईंनी टेप धरून पंचवीस मीटरवर दोन रेघा ओढल्या. हे अंतर तीन सेकंदांच्या आत पार केले की तीसची मर्यादा मोडली. खिडकीत मोबाइल लावून, हातात स्टॉपवॉच घेऊन त्या बसल्या.

नऊ वाजता जीप आली. पहिल्या रेघेपाशी करकचून ब्रेक लागला आणि गाडी अक्षरशः रांगत गेली. सहा सेकंद! दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी साडेसहा. इतर वाहनेही थबकत होती. कोणाला नवा गतिरोधक वाटे, कोणाला पोलिसांनी अपघाताची जागा आखल्यासारखे वाटे. चाळीसपैकी एकतीस वाहने तीसच्या आत आली. पाटीने जे घडवले नाही, ते चार मुठी चुन्याने घडवले होते. आणि रोहिणीबाईंचा गुन्हेगार त्यांच्याच रेघांनी निर्दोष केला होता.

"पुसून टाका की," धोंडाबाई म्हणाली, "मग सुसाट येतोय का नाय बघा. लगेच तावडीत!"

रोहिणीबाईंनी खराटा घेतला, पाण्याची बादली भरली. तेवढ्यात धोंडाबाई भाजीची गाडी ढकलत रस्ता ओलांडू लागली. आडवी, सावकाश, मागे न बघता. तो सुसाट यावा म्हणून रस्ता मोकळा करून द्यायचा, तर कोणाच्या अंगावर? त्यांनी बादली दारातल्या तुळशीला ओतली.

पुढच्या सोमवारी जीप रेघेवरच थांबली. मनोजने काच खाली केली. दाढी वाढलेली होती.

"किती दिवस रेघा मारणार, मॅडम?"

"तुम्ही गाडी चालवताय तोवर."

"त्या दिवशी पोलिसांनी असाच चुना टाकला होता त्यांच्याभोवती. ही रेघ दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जातो. झोप लागत नाही मला. कोर्टानं सोडलंय, मॅडम."

"कोर्टानं. मी नाही."

जीप निघून गेली. तुरुंगवास झाला असता तर तो कधीतरी संपला असता, असे त्यांच्या मनात आले. आत जाऊन त्यांनी फक्कीची नवी पिशवी फोडली आणि दोन रेघांच्या मधोमध, सहादू जिथे पडले होते नेमके तिथे, तिसरी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी जीपला अकरा सेकंद लागले. रोहिणीबाईंनी स्टॉपवॉच दोनदा पाहिले आणि कित्येक महिन्यांनी पोटभर नाश्ता केला.