तोफखान्यातल्या तोफा

मुलांनो, आपली हिंगोली ही पूर्वी निजामाच्या फौजेची छावणी. रिसाल्यात घोडेस्वार, पलटणीत पायदळ आणि तोफखान्यात तोफा. त्यावरूनच या मोहल्ल्यांची नावं पडली. तुम्ही लहानपणी सुटीला आलात तेव्हा मी हे नकाशा काढून शिकवलं होतं. तुम्ही जांभया दिल्यात.

मग स्टेशनवरच्या एका टांगेवाल्यानं तुम्हांला माझ्यापासून पळवलं. आपण तिघं टांग्यात बसलो, तर लगाम गुडघ्यांत धरून तो मागं वळून तुमच्याशीच बोलत राहिला. तोफखान्यात टांगा थांबवून म्हणाला, "तोफा हितंच पुरल्यात. कान लावा, धडधड ऐकू यील." तुम्ही दोघं नव्या कपड्यांनिशी धुळीत आडवे झालात.

मी चिडून म्हटलं, "तोफा केव्हाच गेल्या. लेकरांना खोटं काहून सांगता?"

"गेल्या म्हणलं तर कान कोन लावंल, माय?"

उतरताना तुम्ही त्याच्या घोड्याला पोळी भरवलीत, तीही मी तुमच्यासाठी केलेली. रागानं मी त्याचं नावही विचारलं नाही.

आता परदेशातून फोन आला की माझ्या तब्येतीआधी तुम्ही विचारता, "आजी, तोफा आहेत ना गं?" मला त्याचा अजून हेवा वाटतो. तरी मी "आहेत" म्हणते. मग तुम्ही जरा जास्त वेळ बोलता.