शक्कीचाचा आणि वरचे चार गठ्ठे

शक्कीचाचा खाटेवर बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून पाहत. दुसऱ्याने रचलेल्या ओझ्यावर तर त्यांचा काडीचाही विश्वास नसे. विलायतेत आमच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांत अमरावतीच्या पेठेत गाड्या भरून देणं हे त्यांचं काम. खरं नाव रहीम. पण शक्की म्हटलेलंच त्यांना आवडे.

बैल जुंपण्याआधी ते गाडीचं एक चाक दगडावर चढवत आणि कललेल्या गाडीला खांद्याने हलका धक्का देत. "वजनाचा एक ठाव असते," ते म्हणत. "तो दोन चाकांच्या मंधात हाये तवर गाडी उभी. बाहेर गेला का उलथलीच. अन् बोजा जितका वर, तितका तो लवकर बाहेर जाते." बैलांवर मात्र त्यांचा कधीच संशय नसे. त्यांच्या मानेखाली ते खाजवत बसत.

मी तिवशाकडचा शेतकरी. घरच्या बैलजोडीने व्यापाऱ्यांची रुई भाड्याने अकोल्याला नेत असे. एका सकाळी गठ्ठे रचून झाले. खाली आठ, वर चार, नेहमीसारखेच. चाचांनी धक्का दिला. गाडी कलली आणि परत सावरायला तिने फार वेळ घेतला.

"वरची रुई जड हाये. कावून?" त्यांनी व्यापाऱ्याच्या मुनिमाला विचारलं.

मुनीम हसला. "काल शेजारच्या पेढीवर पान खात होता ना? त्यायनंच शिकवलं का, आमचा माल अडवायले?"

चाचांना तिथे पान खाताना मीही पाहिलं होतं. माझ्याही मनात पाल चुकचुकली.

मी बैल जुंपले, तसा चाचांनी कासरा धरला. मला म्हणाले, "माह्यावर शक घे, पण वरचे गठ्ठे उतरव."

मी कासरा हिसकावून घेतला.

बडनेऱ्यापुढच्या नाल्याच्या उतारावर डावं चाक खड्ड्यात गेलं. एरवी गाडी एवढ्यातून सावरायची. ही कलतच गेली आणि उलथली. माझा पाय मोडला. जुवात मान मुरगळून माझा ढवळ्या बैल जागीच गेला. वरच्या गठ्ठ्यांतून रुईबरोबर दगड बाहेर पडले.

पेठेत मुनीम म्हणाला, "दगड चाचानंच भरले. नाहीतं अंदरचं त्याले कसं समजलं?" लोकांना ते पटलं. कसं समजलं, हे मी सांगू शकलो असतो. पण मग, माहीत असून मी का निघालो, हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. महिनाभरात चाचांनी अमरावती सोडली.

पायाचं हाड जुळल्यावर मी त्यांना अकोल्यात शोधून काढलं. ते कोणाच्या तरी अंगणात कापूस पिंजत होते.

"चाचा, चाला. सगळ्यायच्या समोर सांगतो."

"ढवळ्या?" त्यांनी विचारलं.

"गेला."

त्यांनी पंचा डोळ्यांना लावला. मग म्हणाले, "तवा बोलाचं होतं." आणि पुन्हा पिंजू लागले.

मी एकटाच परत आलो. पेठेत उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझी चूकही. लोकांनी शांतपणे ऐकलं. पांगताना ओळखीचा एक दुकानदार जवळ आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "खरं सांग, चाचानं तुले कसं फितवलं?"